मृदू कॉन्टॅक्ट लेन्सचा ओलेपणा : तो मोजतात कसा आणि आकड्याचा अर्थ काय?

अळवाच्या पानावर पडलेले पाणी पसरत नाही, त्याचे मोती होऊन घरंगळून जातात. तेच पाणी स्वच्छ काचेवर टाकले तर क्षणात पातळ थर होऊन पसरते. पाणी दोन्हीकडे तेच असते, फरक असतो तो पृष्ठभागाचा. द्रव पदार्थाला आपल्यावर पसरू देण्याच्या पृष्ठभागाच्या या गुणधर्माला आर्द्रणक्षमता असे म्हणतात. डोळ्यात घालावयाच्या मृदू कॉन्टॅक्ट लेन्सच्या बाबतीत हा गुणधर्म कळीचा ठरतो. लेन्सने काचेसारखे वागावे, अळवाच्या पानासारखे वागू नये, अशी अपेक्षा असते. परंतु एखादी लेन्स प्रत्यक्षात कशी वागते हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. एकाच लेन्सची आर्द्रणक्षमता दोन पद्धतींनी मोजली तर दोन अगदी भिन्न आकडे मिळू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. त्यामुळे हे मोजमाप कसे होते हे समजल्याखेरीज त्यातून आलेल्या आकड्याला अर्थ प्राप्त होत नाही.

अश्रुपटल आणि लेन्स

डोळ्याच्या पारपटलावर, म्हणजेच कॉर्नियावर, अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो. त्याला अश्रुपटल म्हणतात. त्याची जाडी सुमारे ३ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी जेमतेम तीन भाग इतकी असते. त्याच्या सर्वांत बाहेरच्या बाजूस पापण्यांतील ग्रंथींतून स्रवणाऱ्या स्निग्ध पदार्थाचा थर असतो आणि तो बाष्पीभवन रोखतो. त्याखाली पाणी, क्षार, प्रथिने व म्यूसिन नावाचे बुळबुळीत पदार्थ असतात. पारपटलाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने त्याचा प्राणवायू मुख्यतः हवेतून या थरामार्गे येतो. दृष्टी स्पष्ट राहण्यासाठीही हा थर गुळगुळीत असावा लागतो, कारण डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वप्रथम याच पृष्ठभागावर वळतो.

मृदू लेन्स डोळ्यात बसविली की या थराचे दोन भाग होतात. एक भाग लेन्सच्या मागे, पारपटलाला लागून राहतो आणि दुसरा लेन्सच्या पुढे, हवेच्या बाजूला. लेन्सची मध्यभागातील जाडी बहुधा ०.१ मिलिमीटरहून कमी असली तरी अश्रुपटलाच्या मानाने ती पंचवीस-तीस पट भरते. पुढच्या बाजूचा थर पातळ असतो, त्यावरील स्निग्ध आवरण नीट जमत नाही आणि बाष्पीभवन वाढते. अशा वेळी हा थर पुढची पापणी मिटेपर्यंत टिकतो की मध्येच फाटतो, यावर बरेच काही अवलंबून असते. तो फाटला तर लेन्सच्या पृष्ठभागावर कोरडे ठिपके पडतात, दृष्टी क्षणभर धूसर होते, पापणीची आतली बाजू कोरड्या भागावर घासते आणि प्रथिने व स्निग्ध पदार्थ तेथे चिकटू लागतात. दिवसअखेर डोळे कोरडे वाटणे, टोचणे ही लेन्स वापरणाऱ्यांची सर्वांत नेहमीची तक्रार होय आणि लेन्स कायमची सोडून देण्यामागचे ते एक प्रमुख कारणही आहे. म्हणूनच नव्या साहित्याची लेन्स तयार करताना तिचा पृष्ठभाग किती सहज ओला होतो व किती काळ ओला राहतो, याची चाचणी घ्यावी लागते.

स्पर्शकोन

ओलेपणा मोजण्याचे सर्वमान्य माप म्हणजे स्पर्शकोन. सपाट पृष्ठभागावर पाण्याचा थेंब ठेवला असता त्याच्या कडेपाशी पृष्ठभाग व थेंबाची बाह्यरेषा यांच्यामध्ये, पाण्याच्या आतल्या बाजूने जो कोन होतो तो स्पर्शकोन. तो शून्य अंश असेल तर पाणी पूर्णपणे पसरते. ९० अंशांपेक्षा कमी असेल तर पृष्ठभागाला सर्वसाधारणपणे जलस्नेही म्हटले जाते व त्याहून अधिक असेल तर जलद्वेषी. निव्वळ सिलिकोन रबरावर पाण्याचा स्पर्शकोन १०० अंशांच्या पुढे जातो. कमळाच्या पानावर तो १५० अंशांहूनही अधिक असतो.

या कल्पनेचा पाया इंग्लंडमधील थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्रवांच्या संसक्तीवरील निबंधात घातला. घन व हवा, घन व द्रव आणि द्रव व हवा या तीन सीमांवरील ताण एकमेकांना तोलतात आणि त्या समतोलातून ठरावीक कोन निर्माण होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. यंग हे पेशाने वैद्य होते आणि डोळा हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. जवळच्या व दूरच्या वस्तूंवर डोळा कसा स्थिरावतो याचा शोध घेताना त्यांनी एका टोकाला भिंग बसविलेली पाण्याने भरलेली नळी स्वतःच्या डोळ्याला लावून पारपटलाचा प्रकाश वळविण्याचा परिणाम नाहीसा करून पाहिला होता. हा प्रयोग त्यांनी १८०१ मध्ये मांडला. पुढे कॉन्टॅक्ट लेन्सच्या इतिहासात या प्रयोगाचा आणि लेन्सच्या मोजमापात त्यांच्या समीकरणाचा, असा दोन्हीकडे त्यांचा उल्लेख येतो.

यंग यांचे समीकरण मात्र आदर्श पृष्ठभागासाठी आहे. पृष्ठभाग ताठ, गुळगुळीत, सर्वत्र एकाच रासायनिक घडणीचा आणि द्रवाच्या सान्निध्यात न बदलणारा असावा, हे त्यात गृहीत आहे. मृदू लेन्स यांपैकी बहुतेक अटी मोडते. ती मऊ आहे, वक्र आहे, पाण्याने भरलेली आहे आणि तिचा पृष्ठभाग भोवतालानुसार आपली घडण बदलतो. मोजमापातील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

पाण्याने भरलेली, तरीही कोरडी

आजच्या मृदू लेन्सची सुरुवात १९५० च्या दशकात तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात झाली. रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्टरले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लीम यांनी हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेट या संयुगापासून पाणी शोषून फुगणारे, पारदर्शक बहुवारिक तयार केले. १९६० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी ते शरीरात वापरण्याजोगे जेल म्हणून जगापुढे मांडले. १९६१ च्या नाताळात विख्टरले यांनी प्राग येथील आपल्या घरी मुलांच्या ‘मेर्कूर’ या जोडणीच्या खेळण्याच्या भागांपासून एक यंत्र उभे केले आणि फिरत्या साच्यात लेन्स ओतून दाखविल्या. पुढे हे हक्क अमेरिकेत गेले आणि १९७१ मध्ये बॉश अँड लॉम्ब कंपनीच्या मृदू लेन्सला तेथील अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली.

या साहित्यात वजनाने सुमारे ३८ टक्के पाणी असते. एवढे पाणी धरून ठेवणारा पदार्थ आपोआप ओला होईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पदार्थाच्या आत किती पाणी आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर पाणी किती सहज पसरते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. बहुवारिकाच्या लांब साखळ्यांवर पाण्याला जवळ करणारे हायड्रॉक्सिल गट असतात, तसेच पाण्यापासून दूर राहणारे मिथिल गटही असतात. पृष्ठभाग पाण्यात बुडालेला असतो तेव्हा साखळ्या वळून जलस्नेही गट बाहेर काढतात. तोच पृष्ठभाग हवेत उघडा पडला की जलद्वेषी गट बाहेर येतात आणि जलस्नेही गट आत, पाण्याकडे तोंड करतात. फ्रँक हॉली व मिग्वेल रेफोहो यांनी १९७५ मध्ये या जेलच्या आर्द्रणक्षमतेवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साखळ्यांच्या या फिरण्याकडे लक्ष वेधले होते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकोन हायड्रोजेल लेन्स बाजारात आल्या आणि प्रश्न अधिक गंभीर झाला. सिलिकोनमधून प्राणवायू फार सहज जातो, त्यामुळे पारपटलाला होणारा पुरवठा कितीतरी पटींनी वाढला. पण सिलिकोन हा स्वभावतः जलद्वेषी पदार्थ आहे. त्याच्या साखळ्या लवचिक असल्याने हवेशी संबंध येताच त्या चटकन पृष्ठभागावर येतात. त्यावर उत्पादकांनी वेगवेगळे उपाय योजले. लोट्राफिल्कॉन-ए या साहित्यावर प्लाझ्माच्या साहाय्याने सुमारे २५ नॅनोमीटर जाडीचे जलस्नेही आवरण चढविण्यात आले. बालाफिल्कॉन-ए या साहित्याच्या पृष्ठभागावर प्लाझ्मा प्रक्रियेने काचेसारखी सिलिकेटची बेटे निर्माण करण्यात आली. त्यानंतरच्या गॅलिफिल्कॉन-ए व सेनोफिल्कॉन-ए यांत आवरण न चढविता पॉलिव्हिनिल पायरोलिडोन हा जलस्नेही पदार्थच लेन्सच्या घडणीत मिसळण्यात आला. पुढच्या दशकात आलेल्या डेलेफिल्कॉन-ए या साहित्यात तर गाभ्यात ३३ टक्के आणि पृष्ठभागाशी ८० टक्क्यांहून अधिक पाणी असेल, अशी रचना साधण्यात आली. प्रत्येक उपाय कितपत यशस्वी झाला हे पाहण्यासाठी मोजमापाची गरज होती आणि तेथेच मतभेदांना सुरुवात झाली.

पहिली पद्धत : बैठा थेंब

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी दिसणारी पद्धत होय. लेन्स द्रावणातून काढून, तिच्यावरील सुटे पाणी तंतू न सोडणाऱ्या कापडाने अथवा टिपकागदाने टिपून घेतात व तिला घुमटाकार आधारावर बसवितात. बारीक सुईतून काही मायक्रोलिटरचा थेंब तिच्यावर अलगद ठेवतात. बाजूने कॅमेरा लावून थेंबाचे छायाचित्र घेतात आणि संगणकावर त्याच्या बाह्यरेषेवरून कोन काढतात.

थेंब लहान असल्यास तो गोलाचा तुकडा आहे असे मानता येते. मग त्याची उंची आणि तळाची रुंदी एवढ्यावरून कोन मिळतो. उंचीची दुप्पट करून तिला रुंदीने भागायचे, येणाऱ्या गुणोत्तराचा टॅन-व्यस्त कोन काढायचा आणि त्याची दुप्पट करायची. उदाहरणार्थ, तळ ३ मिलिमीटर व उंची १ मिलिमीटर असेल तर कोन सुमारे ६७ अंश येतो. उंची वाचताना केवळ ०.१ मिलिमीटरची चूक होऊन ती ०.९ धरली गेली तर उत्तर ६२ अंशांवर येते. या थेंबाचे आकारमान सुमारे ४ मायक्रोलिटर भरते. डोळ्यात एका वेळी असणारे अश्रू सुमारे ७ मायक्रोलिटर असतात, हे लक्षात घेतले तर डोळ्याच्या मानाने हा ‘लहान’ थेंबही किती मोठा आहे याची कल्पना येईल.

लेन्सच्या वक्रतेचाही हिशेब ठेवावा लागतो. ८.६ मिलिमीटर त्रिज्येच्या घुमटावर ३ मिलिमीटर रुंदीचा थेंब बसला तर त्याच्या कडेपाशी लेन्सचा पृष्ठभाग सुमारे १० अंशांनी खाली उतरलेला असतो. आडव्या सरळ रेषेपासून कोन मोजला तर तो खऱ्या कोनापेक्षा तेवढ्या अंशांनी जास्त येतो. म्हणून तळरेषा वक्र धरावी लागते किंवा लेन्स सपाट करून तिचा लहान तुकडा वापरावा लागतो.

परंतु या पद्धतीतील सर्वांत नाजूक पायरी म्हणजे टिपणे. पाणी कमी टिपले तर पृष्ठभागावर राहिलेल्या पातळ थरात थेंब मिसळतो आणि कोन फसवा लहान येतो. जास्त टिपले किंवा टिपल्यानंतर अधिक वेळ गेला तर पृष्ठभाग सुकतो, साखळ्या वळतात आणि कोन मोठा येतो. थेंब ठेवल्यानंतरही वेळ जातच असतो. जेल पाणी शोषू लागते, थेंबाचे बाष्पीभवन होते आणि कोन हळूहळू उतरतो. त्यामुळे टिपण्याची रीत, त्यानंतरचा काळ, खोलीचे तापमान व हवेतील दमटपणा आणि छायाचित्राची वेळ या गोष्टी ठरवून घेतल्या नाहीत, तर एकाच प्रयोगशाळेतील दोन व्यक्तींची उत्तरेही जुळत नाहीत.

दुसरी पद्धत : बंदिस्त बुडबुडा

लेन्स कोरडी पडण्याची अडचण टाळण्यासाठी ही मांडणी उलटी करता येते. लेन्स क्षारद्रावणाने भरलेल्या पारदर्शक पात्रात फुगीर बाजू खाली करून बुडवितात. खालून वाकड्या सुईने हवेचा एक लहान बुडबुडा सोडतात. तो वर जाऊन लेन्सला टेकतो आणि तेथेच थांबतो. आता बुडबुड्याची बाह्यरेषा व लेन्स यांतील कोन मोजतात. येथेही कोन पाण्याच्या बाजूनेच सांगावयाचा असतो. बुडबुड्याच्या आतून १५० अंश आला तर पाण्याच्या बाजूने तो ३० अंश होतो. ओली होणारी लेन्स बुडबुड्याला पसरू देत नाही, तो तिच्याखाली जवळजवळ पूर्ण गोल राहतो.

या पद्धतीत लेन्स पूर्ण भिजलेली राहते, टिपण्याची गरज नसते आणि निकाल अधिक स्थिर येतात. मात्र पृष्ठभाग सतत पाण्यात असल्यामुळे साखळ्यांनी जलस्नेही गट आधीच बाहेर काढलेले असतात. साहजिकच कोन लहान येतात आणि निरनिराळ्या लेन्समधील फरकही कमी दिसतो. मँचेस्टर विद्यापीठातील कॅरोल माल्डोनाडो-कोडिना व फिलिप मॉर्गन यांनी २००७ मध्ये सिलिकोन हायड्रोजेल लेन्सवर या दोन्ही पद्धती शेजारीशेजारी वापरून पाहिल्या. बैठ्या थेंबाने लेन्सची क्रमवारी जितकी पसरलेली दिसली तितकी बुडबुड्याने दिसली नाही.

तिसरी पद्धत : विल्हेल्मीची पट्टी

जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी १८६३ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर तिसरी पद्धत आधारलेली आहे. लेन्समधून अरुंद पट्टी कापून ती अतिसंवेदनशील तराजूला उभी टांगतात आणि द्रावणात हळूहळू बुडवून पुन्हा वर काढतात. द्रव पट्टीला आत खेचतो किंवा बाहेर ढकलतो. पट्टीचा परीघ, द्रवाचा पृष्ठताण आणि स्पर्शकोनाची कोज्या यांचा गुणाकार म्हणजे हे बल होय. त्यातून पट्टीवरील उत्प्लावक बल वजा करावे लागते. ५ मिलिमीटर रुंद व ०.१ मिलिमीटर जाड पट्टी पाण्यात असेल व कोन ६० अंश असेल तर हे बल जेमतेम ३७ मिलिग्रॅम वजनाइतके भरते. कोन शून्यावर आला तर ते ७५ मिलिग्रॅमपर्यंत जाते.

छायाचित्रावरून अंदाज करण्याऐवजी येथे बल थेट मोजले जाते, हा मोठा फायदा. बुडतानाचा व वर येतानाचा असे दोन्ही कोन एकाच फेरीत मिळतात, हा दुसरा. तोटा असा की लेन्स कापावी लागते, पट्टी वळते आणि तिच्या दोन्ही बाजू व कापलेल्या कडा यांचा एकत्रित परिणाम मोजला जातो. शिवाय वर आलेली पट्टी हवेत किती वेळ राहिली, यावर पुढच्या फेरीचा आकडा बदलतो.

दोन कोन, दोन प्रश्न

एकाच लेन्सला निरनिराळे आकडे का मिळतात, याचे उत्तर या तिसऱ्या पद्धतीत स्पष्ट होते. पाणी कोरड्या भागावर पुढे सरकत असताना जो कोन दिसतो तो पुढे सरकणारा कोन आणि ओल्या भागावरून पाणी मागे हटत असताना जो दिसतो तो मागे हटणारा कोन. पहिला नेहमी मोठा असतो. दोहोंमधील तफावतीला कोनविलंब म्हणता येईल. पृष्ठभाग खडबडीत असला, त्याची रासायनिक घडण जागोजागी वेगळी असली किंवा साखळ्या फिरत असल्या की ही तफावत वाढते. मृदू लेन्समध्ये ती अनेकदा कित्येक दशक अंशांची भरते.

बैठा थेंब टिपलेल्या पृष्ठभागावर ठेवला जातो, म्हणून तो प्रामुख्याने पुढे सरकणाऱ्या कोनाजवळचा आकडा देतो. बुडबुडा लेन्सवरील पाणी बाजूस सारून जागा घेतो, म्हणून तो मागे हटणारा कोन दाखवितो. बुडबुडा फुगविला तर पाणी मागे हटते आणि त्यातील हवा परत ओढून घेतली तर पाणी पुढे सरकते, त्यामुळे याही पद्धतीत दोन्ही कोन काढता येतात. म्हणजे या पद्धती एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

डोळ्यात हे दोन्ही प्रश्न खरे असतात. पापणी उघडल्यानंतर अश्रुपटल पातळ होत जाते. ते लेन्सला धरून राहील की आक्रसून कोरडी जागा सोडील, हे मागे हटणाऱ्या कोनाशी निगडित आहे. कोरडा ठिपका एकदा पडला, तेथील साखळ्या वळल्या की पुढच्या उघडझापीत अश्रू त्या जागेवर पुन्हा पसरतील का, हे पुढे सरकणारा कोन सांगतो. पहिला कोन लहान असलेल्या, पण दुसरा फार मोठा असलेल्या लेन्सची अवस्था अशी असते की ती ओली असेपर्यंत सारे ठीक असते, पण एकदा सुकली की सावरत नाही. संगणकाच्या पडद्यासमोर किंवा वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यांना हा अनुभव अधिक येतो. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच मंदावते आणि अश्रुपटलाला अधिक काळ तग धरावा लागतो.

डबीतील द्रावणाची करामत

मोजमापात आणखी एक गोष्ट नेहमी गोंधळ घालते. नवी लेन्स ज्या सीलबंद डबीतून येते तीमध्ये निव्वळ क्षारद्रावण असतेच असे नाही. त्यात काही वेळा पृष्ठताण कमी करणारे किंवा ओलावा धरणारे पदार्थ मिसळलेले असतात. डबीतून काढून लगेच मोजलेल्या लेन्सवरून हे पदार्थ थेंबात उतरतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला सुमारे ७३ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. तो घसरला की थेंब अधिक पसरतो आणि लेन्स आहे त्याहून अधिक जलस्नेही वाटते. लेन्स ताज्या क्षारद्रावणात बराच काळ भिजवून, द्रावण बदलून मग मोजली तर कोन वाढलेला आढळू शकतो. डोळ्यातही हे पदार्थ अश्रूंबरोबर हळूहळू वाहून जातात. म्हणून सकाळी लेन्स घालतेवेळचा आराम संध्याकाळपर्यंत टिकतोच असे नाही. काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात डबीतून काढल्याबरोबरचे व धुतल्यानंतरचे असे दोन्ही कोन वेगवेगळे नोंदविले जातात आणि चाचणी द्रवाचा पृष्ठताण प्रयोगापूर्वी व नंतर तपासला जातो.

चाचणीसाठी कोणता द्रव घ्यावा, हाही प्रश्न आहे. अश्रूंचा पृष्ठताण पाण्याहून बराच कमी, सुमारे ४३ ते ४६ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. लेन्स डोळ्यात गेल्यावर काही मिनिटांतच तिच्यावर लायसोझाइमसारखी प्रथिने, म्यूसिन व स्निग्ध पदार्थ बसू लागतात. त्यानंतर अश्रूंचा संबंध मूळ पृष्ठभागाशी न राहता या नव्या लेपाशी येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २००४ मध्ये सिलिकोन हायड्रोजेल लेन्स अश्रूंतील घटकांच्या सान्निध्यात ठेवून बुडबुड्याच्या पद्धतीने मोजल्या, तेव्हा अशा घटकांमुळे आर्द्रणक्षमता सुधारू शकते असे दिसून आले. याउलट, सुकलेल्या जागी साचणारा स्निग्ध लेप पृष्ठभागाला पुन्हा जलद्वेषी बनवू शकतो. तेव्हा नव्या लेन्सचा कोन म्हणजे वापरलेल्या लेन्सचा कोन नव्हे.

डोळ्यातच मोजणे

या सर्व मर्यादांमुळे नेत्रतज्ज्ञ लेन्स डोळ्यात असतानाच अश्रुपटलाची परीक्षा करणे पसंत करतात. लेन्स नसलेल्या डोळ्यात फ्लुरोसीन हे पिवळे रंगद्रव्य घालून अश्रुपटल किती सेकंदांत फाटते हे पाहिले जाते. मृदू लेन्स हा रंग शोषून घेते, त्यामुळे ही चाचणी तिच्यावर करता येत नाही. त्याऐवजी एकात एक वर्तुळांची किंवा चौकटींची प्रकाशमय आकृती लेन्सच्या पृष्ठभागावर पाडतात. अश्रुपटल अखंड असेपर्यंत तिचे प्रतिबिंब रेखीव दिसते आणि ते फाटू लागले की रेषा वेड्यावाकड्या होतात. पापणी उघडल्यापासून तोपर्यंतचे सेकंद मोजले जातात. पातळ थरांवर प्रकाशाच्या व्यतिकरणाने दिसणाऱ्या रंगांवरून थराची जाडी व स्निग्ध आवरणाचे स्वरूपही कळते. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच तत्त्वाने उमटतात.

प्रयोगशाळा व डोळा यांतील अंतर कमी करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेराल्ड फुलर, साद भामला व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मांडणी वापरली की, द्रवात बुडालेला लेन्सचा घुमट द्रवाच्या पृष्ठभागातून वर उचलला जातो आणि त्याच्यावर राहिलेला पातळ थर कसा ओघळतो व कधी फाटतो हे व्यतिकरणाच्या रंगांवरून पाहिले जाते. सिलिकोन हायड्रोजेलवर स्निग्ध लेपाचा काय परिणाम होतो, याचा या मांडणीच्या साहाय्याने केलेला त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे स्थिर थेंबाऐवजी फाटणारा थरच मोजला जातो आणि डोळ्यातील प्रश्नाच्या तो अधिक जवळ आहे.

आकडा आणि आराम

कोन लहान असलेली लेन्स अधिक आरामदायी असते का? तर्काने ‘होय’ असे वाटते, पण पुरावा इतका सरळ नाही. कॉन्टॅक्ट लेन्समुळे होणाऱ्या अस्वस्थतेचा आढावा घेण्यासाठी टिअर फिल्म अँड ऑक्युलर सरफेस सोसायटी या संस्थेने आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची कार्यशाळा घेतली होती. तिचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत मोजलेली आर्द्रणक्षमता व वापरणाऱ्याचा आराम यांत ठाम संबंध सिद्ध झालेला नाही, असा त्याचा आशय होता. साहित्याच्या गुणधर्मांपैकी पृष्ठभागाचे घर्षण व आराम यांच्यातील संबंध त्या मानाने अधिक आशादायक वाटत होता. पापणी दिवसातून हजारो वेळा लेन्सवरून सरकते, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. घर्षणही ओलेपणापासून अलिप्त नाही, कारण पापणी व लेन्स यांच्यामधील वंगणाचे काम तोच पातळ द्रवथर करीत असतो.

याचा अर्थ स्पर्शकोन निरुपयोगी आहे असा नव्हे. एकाच साहित्याचे दोन नमुने, एकाच आवरणाच्या दोन प्रक्रिया किंवा नवी व महिनाभर वापरलेली लेन्स यांची तुलना एकाच पद्धतीने, एकाच द्रवात, एकाच तयारीनिशी केली तर तो अत्यंत उपयुक्त ठरतो. कारखान्यात एखाद्या खेपेचे प्लाझ्मा आवरण बिघडले आहे का, हे त्यावरून चटकन कळते. घोटाळा होतो तो एका उत्पादकाने बुडबुड्याने मोजलेला ३० अंशांचा आकडा दुसऱ्याच्या थेंबाने मोजलेल्या ८० अंशांशेजारी मांडला जातो तेव्हा. अशी तुलना म्हणजे एकाचा ताप काखेत व दुसऱ्याचा तोंडात मोजून कोण अधिक आजारी हे ठरविण्यासारखे होय. म्हणून कोनाचा आकडा वाचताना पाच गोष्टी पाहाव्यात : पद्धत कोणती, कोन पुढे सरकणारा की मागे हटणारा, चाचणी द्रव कोणता, लेन्स धुतलेली की डबीतून थेट काढलेली आणि नवी की वापरलेली. यांपैकी एकही माहिती नसेल तर आकडा कितीही आकर्षक असला तरी त्याला तुलनेत स्थान नाही.

वापरणाऱ्यांसाठी या साऱ्याचा व्यावहारिक बोध मर्यादित पण महत्त्वाचा आहे. लेन्समधील पाण्याचे प्रमाण अधिक म्हणजे ती अधिक ओली राहील, असे समजू नये. पहिल्या तासाच्या आरामावरून लेन्स निवडू नये, दिवसभर वापरून संध्याकाळचा अनुभव नेत्रतज्ज्ञांना सांगावा. पडद्यासमोर काम करताना जाणीवपूर्वक पापण्या मिटाव्यात. ठरावीक मुदतीनंतर लेन्स बदलावी, कारण साचलेला थर पृष्ठभागाचा मूळ गुणधर्म झाकून टाकतो. लेन्स कोरडी वाटली तर ती ओली करण्यासाठी नळाचे पाणी अथवा लाळ कधीही वापरू नये. नळाच्या पाण्यात आढळणाऱ्या अकँथामिबा या सूक्ष्मजीवामुळे पारपटलाला होणारा संसर्ग अतिशय वेदनादायक असतो आणि त्यातून दृष्टी जाण्याचा धोका असतो. लेन्ससाठी योग्य असलेले ओलावा देणारे थेंबच वापरावेत. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा प्रकाश सहन होईनासा झाला तर लेन्स ताबडतोब काढून डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी लेन्सचा स्पर्शकोन किती होता, हा प्रश्न पूर्णपणे गौण ठरतो.